क्षितिजावरचे दिवे

भोगव्याच्या किनाऱ्यावर माझा पहिला कॅमेरा समुद्रात गेला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते, आणि आकाश इतके निवळ होते की गुडघाभर पाण्यात ट्रायपॉड चाचपडत असतानासुद्धा माझे अर्धे लक्ष वरच होते. मार्चमधली अमावास्या होती. व्याध पश्चिमेकडे कलला होता, अगस्त्य नैऋत्येला क्षितिजाला टेकायला आला होता, आणि या दोघांच्या मावळण्याच्या रेघा एकाच चौकटीत याव्यात म्हणून मी ओल्या वाळूत ट्रायपॉड रोवून, कॅमेऱ्याला एकामागून एक फोटो काढायला लावून, मागे सुरूच्या बनाशी जाऊन आडवा झालो होतो. ओल्या वाळूत ताऱ्यांचे प्रतिबिंब मिळते, हे मी कुठेतरी वाचले होते. ओल्या वाळूत पाणी परत येते, हे कोणी लिहिलेले नव्हते, कारण ते लिहावे लागते असे कोणाला वाटले नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पुळणीवर रापण ओढली जात होती. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकलेल्या लांबलचक जाळ्याची दोन टोके किनाऱ्यावर दोन टोळ्यांनी ओढत आणायची, अशी ही जुनी मासेमारी. सिंधुदुर्गात ती अजून टिकून आहे. रापणीच्या म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणजे टोळीच्या म्होरक्याला, मी आदल्या रात्रीची हकिकत सांगितली. त्यांनी आधी कॅमेऱ्याची किंमत विचारली, मग हसले, आणि म्हणाले, "काल अवस होती मां? मगे पाणी खयपर्यंत येतला ह्या तुका ठावक नाय?" मला ठाऊक नव्हते. मग त्यांनी तो हिशेब सांगितला, जो कोकणच्या किनाऱ्यावर कित्येकांना तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. अर्धा तास इकडे तिकडे धरायचा. पूर्ण भरतीपासून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येत असल्याने पाणी सर्वांत जास्त चढते, म्हणजे उधाण येते.

हा हिशेब मी त्या दिवशी वहीत लिहून घेतला. घरी येऊन त्याच्याकडे पाहत बसलो असताना ध्यानात आले की किनाऱ्यावर आकाशाचे फोटो काढणाऱ्याची सगळी अडचण या एका ओळीत आहे. चंद्र नसलेली, सर्वांत काळोखी रात्र त्याला हवी असते, आणि नेमक्या त्याच रात्री, नेमक्या मध्यरात्रीच्या सुमारास, किनारा त्याच्या पायाखालून सर्वांत जास्त आक्रसतो. डोंगरावर फोटो काढणाऱ्याला अमावास्या म्हणजे फक्त अंधार. किनाऱ्यावर अमावास्या म्हणजे अंधार आणि पाणी. दोन्ही एकाच चंद्राकडून येतात, त्यामुळे एक घेऊन दुसरे नाकारता येत नाही.

सुदैवाने त्याच ओळीत सुटकेची वाटही आहे. अमावास्येला भरती सव्वाअकराला, तर ओहोटी संध्याकाळी सव्वापाचला आणि पुन्हा पहाटे सव्वापाचला. म्हणजे संधिप्रकाश संपून पूर्ण काळोख होतो त्या सव्वासात-साडेसातला पाणी अजून बरेच खाली असते, आणि पहाटे चारलाही ते उतरलेले असते. आता आकाशगंगेचे वेळापत्रक शेजारी ठेवावे. तिचा सर्वांत दाट, सर्वांत तेजस्वी भाग धनू आणि वृश्चिक राशींच्या दिशेला आहे. हा भाग आग्नेयेला उगवतो, म्हणजे आमच्या पश्चिम किनाऱ्यावर तो नेहमी जमिनीवरून, माडांच्या आणि घरांच्या मागून वर येतो. ज्याला तो समुद्रावर हवा आहे त्याला तो दक्षिण ओलांडून नैऋत्येकडे झुकेपर्यंत थांबावे लागते. मे महिन्यात हे पहाटे तीन-चारनंतर घडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी काळोख पडताच. दोन्ही वेळी, अमावास्येला, पाणी खाली असते. हा योगायोग मला पहिल्यांदा जुळला तेव्हा कॅमेरा गेल्याचे दुःख बरेच हलके झाले. नवा घेण्याचे हप्ते मात्र हलके झाले नाहीत.

मेमधली पहाट मी दोन-तीनदा केली आणि सोडून दिली. त्या दिवसांत हवेत इतका दमटपणा असतो की क्षितिजापासून दहा-पंधरा अंशांपर्यंतचे सगळे तारे दुधात बुडवल्यासारखे दिसतात, आणि मृग लागायच्या आधीच ढगांचे येणे-जाणे सुरू होते. खरा हंगाम पावसाळ्यानंतरचा. आपल्याकडे जुनी समजूत आहे की भाद्रपदात अगस्त्य उगवला की पाणी निवळते. नद्यांचे गढूळ पाणी निवळते असा तिचा अर्थ. पण हवाही त्याच सुमारास निवळू लागते, आणि पावसाने धुतलेल्या आकाशाखाली सह्याद्रीकडची वीज नुसती दूरवर लुकलुकत राहते. दिवाळीच्या आसपास काळोख होताच आकाशगंगेचा पट्टा नैऋत्येच्या समुद्रातून जवळजवळ उभा वर चढलेला दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते; पट्ट्याचा सर्वांत दाट भाग तेव्हा पाण्यापासून दोन-अडीच मुठी उंच असतो आणि पुढच्या दोन-अडीच तासांत तो सरळ समुद्रात उतरतो. म्हणजे वर्षातली सर्वांत चांगली संध्याकाळ ही बहुधा लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ असते. घरी या गोष्टीवरून काय बोलणे होते, ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष फोटो काढण्याचे काम बाहेरून वाटते त्यापेक्षा बरेच कंटाळवाणे आहे. आकाश मिनिटाला पाव अंश सरकते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या अर्ध्या रुंदीइतके; त्यामुळे शटर फार वेळ उघडे ठेवले तर ताऱ्यांचे ठिपके न राहता रेघा होतात. पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागावे, तितके सेकंद चालतात, असा एक ठोकताळा आहे. माझ्या वीस मिलिमीटरच्या लेन्सला तो पंचवीस सेकंद देतो. मी पंधराच्या पुढे जात नाही. एकाच चौकटीचे पंधरा-पंधरा सेकंदांचे वीस-पंचवीस फोटो काढून नंतर संगणकावर एकमेकांवर बसवले की अंधारात काढलेल्या फोटोत दिसणारे रवाळ दाणे बरेच कमी होतात. फोकस हाताने करावा लागतो. लेन्सवर अनंताची खूण असते, पण ती नेमक्या अनंतावर असतेच असे नाही, हे पहिल्या रात्रीचे सगळे फोटो धूसर आल्यावर कळते. एखादा ठळक तारा पडद्यावर दहापट मोठा करून पाहायचा आणि लेन्सचे फोकसचे कडे केसभर मागे-पुढे करत तो सर्वांत लहान दिसेल तिथे थांबायचे. ते कडे मग चिकटपट्टीने बांधून टाकायचे, कारण अंधारात बोट लागतेच.

समुद्राकाठी यात आणखी दोन गोष्टींची भर पडते, दव आणि मीठ. दव लेन्सवर कधी बसते ते कळत नाही. फोटो हळूहळू मऊ होत जातात, ताऱ्यांभोवती वलये येतात, आपण ढग आले म्हणून वर बघतो आणि वर तर सगळे लखलखीत असते. आता मी लेन्सभोवती पॉवर बँकेवर तापणारी पट्टी बांधतो. मिठावर मात्र पट्टी नाही. वारा समुद्रावरून येत असेल तर तासाभरात समोरच्या काचेवर जिभेला कळेल इतका खारट थर चढलेला असतो. तो कोरड्या फडक्याने पुसला तर काचेवर चरे उठतात, म्हणून गोड्या पाण्यात भिजवून पिळलेले फडके बरोबर ठेवावे लागते. परतल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून नळाखाली धुवावे लागतात. पहिल्या वर्षी हे केले नाही, तर एका पायाचा खटका असा बसला की तो अजूनही उघडत नाही. ट्रायपॉड आता त्या पायापुरता कायमचा लंगडा आहे आणि मी त्या पायाखाली चिऱ्याचा तुकडा ठेवतो.

या फोटोंत एक खोटेपणाही आहे. पंधरा सेकंदांत आकाश जवळजवळ स्थिर राहते, पण समुद्र राहत नाही. त्या वेळात लाट येते, फुटते, मागे जाते, आणि फोटोत या सगळ्याचे मिळून एक पांढुरके धुके उरते. ज्यांनी कधी रात्री पुळणीवर बसून तो आवाज ऐकला नाही त्यांना ते धुके फार सुंदर वाटते. तांडेल आबांना मी पहिल्यांदा असा फोटो फोनवर दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघून म्हणाले, "लाट खय हा?" लाट दाखवायची तर शटर सेकंदाच्या आत मिटायला हवे, आणि तेवढ्यात आकाशगंगा उमटत नाही. रंगांचेही तसेच. डोळ्याला आकाशगंगा राखाडी दिसते, कारण अंधुक प्रकाशात डोळ्याचा जो भाग काम करतो त्याला रंग कळत नाहीत. कॅमेऱ्याला ती तांबूस, पिवळसर, मधूनच गुलाबी दिसते. ते रंग खोटे नव्हेत, पण माझ्या डोळ्यांनी पाहिलेलेही नव्हेत. मी हे फोटो दाखवताना हल्ली ते सांगून टाकतो.

अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि विजेरीच्या एका झोताने ती सगळी वाया जातात. मी लाल दिवा वापरतो, तोही क्वचित. हे केवळ फोटोंसाठी नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या अनेक पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, आणि वाळूतून बाहेर पडलेली पिल्ले ज्या बाजूला क्षितिज जास्त उजळ असेल तिकडे धावतात. काळोख्या रात्री ती बाजू समुद्राची असते. किनाऱ्यावर कोणी पांढरा दिवा लावून बसले असेल तर ती त्याची असते.

सरावलेल्या डोळ्यांना हळूहळू अशा गोष्टी दिसू लागतात ज्या कॅमेऱ्याने आधी पकडल्या असाव्यात असे वाटते, पण तसे नसते. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी सूर्य मावळून दीड तास झाला होता आणि पश्चिमेला पाण्यावर उजेडाचा एक फिकट शंकू उभा दिसत होता, पायथ्याशी रुंद आणि वर निमुळता, कृत्तिकांच्या दिशेने चढत गेलेला. मी त्याला बराच वेळ मालवणचा उजेड समजत होतो. पण मालवण तिथून उत्तरेला आहे. तो ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परतणारा सूर्याचाच प्रकाश होता, राशिचक्रीय प्रकाश, जो आपल्या अक्षांशांवर फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी चांगला उभा दिसतो आणि ज्याला पाहायला पश्चिमेला समुद्रासारखी दिवे नसलेली मोकळी जागा लागते.

पश्चिमेचा समुद्र कधी देतो, कधी हुलकावणी देतो. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात आला, आणि कोकणात तेव्हा जुलैमध्ये जे असते ते होते. २०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-ॲटलास आला तो मात्र अगदी आमच्यासाठी ठेवल्यासारखा, सूर्यास्तानंतर पश्चिमेला, समुद्रावर. फक्त तो सर्वांत तेजस्वी होता त्या दिवसांत चंद्र रोज मोठा होत होता आणि १६ ऑक्टोबरला कोजागिरी होती. परतीच्या पावसाच्या ढगांनी दोन संध्याकाळी खाल्ल्या. तिसऱ्या संध्याकाळी तो मिळाला, चांदण्याने फिकटलेल्या आकाशात शेपटीचा जेमतेम निम्मा भाग घेऊन. पूर्ण काळोखातला धूमकेतू बघायचा तर चंद्र उशिरा उगवू लागेपर्यंत थांबावे लागले, आणि तोवर तो स्वतःच मंदावला होता.

आता दिव्यांविषयी. भोगव्याच्या पुळणीवर उभे राहिले की उत्तरेला देवबाग-तारकर्लीच्या बाजूचा उजेड दिसतो, आणि त्यावर जेमतेम दीड मूठ उंचीवर ध्रुव, कारण आपल्या अक्षांशाइतकाच तो क्षितिजाच्या वर असतो आणि भोगवे साधारण सोळा अंशांवर आहे. दक्षिणेला निवतीचे टोक. एप्रिल-मेच्या रात्री दहाच्या सुमारास त्या टोकावर त्रिशंकू हा दक्षिणेकडचा तारकासमूह उभा राहतो, वरचा तारा सतरा अंशांवर आणि खालचा अकरा. त्याच्याही खाली गोव्याकडचा पिवळसर उजेड वर्षागणिक वाढलेला मला दिसतो. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यात मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये. विमानतळ नको होते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मी स्वतः त्यांतल्या एकावर उतरून पुळणीवर गेलेलो आहे. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा असे काही किनाऱ्यावर होईल का, असा विचार मनात येऊन गेला. पण जंगलाला हद्द आखता येते. समुद्राच्या क्षितिजाला ती कोण आखणार?

कारण किनाऱ्यावरचा सर्वांत त्रासदायक उजेड गावांचा नाही, समुद्रातला आहे. ऑक्टोबर ते मे या हंगामात काळोख पडला की क्षितिजावर दिव्यांची एक रांग लागते. त्यांत साध्या होड्या असतात, ट्रॉलर असतात, आणि काही दिवे असे असतात की ज्यांच्याभोवती पाण्यावर आणि हवेत हिरवट-पांढरे तळे तयार होते. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळीला एका जागी खेचून आणून तिच्याभोवती जाळे टाकायचे, अशी ही मासेमारी. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, राज्याने २०२१ मध्ये आपल्या कायद्यात सुधारणा करून दंड वाढवला, आणि दिवे अजूनही दिसतात. त्यातले कोणते कायद्यातले आणि कोणते बाहेरचे, हे किनाऱ्यावरून सांगता येत नाही. फोटोत मात्र सगळेच सारखे नडतात. पंधरा सेकंदांत एकेका दिव्याचा फुगून वाटाणा होतो आणि आकाशगंगेचा खालचा भाग, जो समुद्रात उतरताना मला सर्वांत जास्त हवा असतो, धुऊन निघतो.

म्हणून मी ते पुसत असे. संगणकावर हे काम सोपे आहे. दिव्यावर ब्रश ठेवायचा, शेजारचा काळोख उचलून तिथे चिकटवायचा. अर्ध्या तासात क्षितिज स्वच्छ. एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत नुसती काळी, सरळ रेघ आणि तिच्यातून उगवलेला तारकांचा धूर. उपग्रहांच्या रेघाही मी तशाच पुसतो, आणि २०१९ नंतर त्या इतक्या वाढल्या आहेत की ते काम आता दिव्यांपेक्षा मोठे झाले आहे. लोकांना हे फोटो आवडत. कोणी कधी विचारले नाही की या समुद्रात एकही होडी कशी नाही.

२०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावळता सूर्य खंडग्रास ग्रहणासह समुद्रात जाणार होता, त्यामुळे घरी सांगायला एक सबळ कारण मिळाले आणि मी भोगव्यात होतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठनंतर, भरती अर्ध्यावर आली असताना, काढलेला एक फोटो मला फार चांगला वाटला. पट्टा उभा होता, धनूचे तारे ओल्या वाळूत अंधुक उतरले होते. तो नेहमीप्रमाणे स्वच्छ करून मी सगळ्यांना पाठवला. पुढच्या खेपेला आबांना देण्यासाठी त्याची मोठी प्रत छापून घ्यायची होती, आणि छापणाऱ्याला फाइल देताना माझ्याकडून चुकून मूळ फोटो गेला, न पुसलेला.

प्रत हातात देताना मला ते दिसले आणि मी माफी मागू लागलो. आबांचे माझ्या बोलण्याकडे लक्ष नव्हते. त्यांनी ती उन्हात तिरकी धरली, आकाशाकडे पाहिलेही नाही, आणि डावीकडून सुरुवात करून बोटाने दिवे मोजू लागले. चौदा झाले. त्यातल्या तिघांवर ते थांबले, हिरवट तळ्यांवर, आणि म्हणाले, "बोटीचा नाव खय दिसता हेच्यात?" मी म्हटले, "आबा, नाव नाही दिसणार, फार लांब आहेत." "मगे काय उपयोग," असे ते स्वतःशीच म्हणाले, पण प्रत परत दिली नाही. थोड्या वेळाने बोट पुन्हा उजवीकडच्या टोकाला गेले, जिथे पाण्याच्या अगदी वर एक तांबूस ठिपका होता.

"ह्यो दिवो न्हय," ते म्हणाले. "ह्यो बुडतलो."

मी वाकून पाहिले. ती ज्येष्ठा होती. वृश्चिकेचा लाल तारा, त्या रात्री क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर, मावळायला पंधरा मिनिटे असताना. घरी येऊन मी लोकांना पाठवलेला फोटो उघडला आणि त्या जागी मोठा करून पाहिला. तिथे शेजारून उचललेला काळोख होता, अगदी सफाईने चिकटवलेला.